बिझनेस लॉ करायचंय? मग विषयांची नावं नाही, कामं बघा



'वकील व्हायचं' म्हटलं की पूर्वी काळा कोट आणि तालुक्याचं कोर्ट एवढंच डोळ्यांसमोर यायचं. आता एलएल.बी.ला जाणारी बरीच मुलं सांगतात, "मला कंपन्यांचं काम करायचंय, बिझनेस लॉ करायचंय." चांगली गोष्ट आहे. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग विषय कोणते घेऊ?" आणि याचं उत्तर जो तो आपापल्या परीनं देतो. कोणी म्हणतं, सायबर लॉ घे, स्कोप आहे. कोणी म्हणतं, मर्जरचा विषय घे, पगार मोठा मिळतो. कोणी तर सरळ सांगतं, अमुक विषय घे, त्याचं गाईड मिळतं आणि पेपर सोपा येतो.

या सल्ल्यांमुळे मुलांची वर्षं आणि आईवडिलांचे पैसे पणाला लागतात. म्हणून माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. बिझनेस लॉचं करिअर पर्यायी विषयांच्या भारदस्त नावांवर उभं राहत नाही. ते सक्तीच्या, साध्या वाटणाऱ्या विषयांवर उभं राहतं. पर्यायी विषय त्यानंतर, आणि तेही एका दिशेचे घ्यावेत.

हे असं का, ते पाहू.

१) निवड नेमकी कुठे असते?

आपल्या देशात वकिलीचं शिक्षण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार चालतं. पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा असे दोन मार्ग आहेत. दोन्हींत कायद्याच्या विषयांची मांडणी सारखीच असते :

• सक्तीचे २० विषय : करार कायदा, विशेष करार, कंपनी कायदा, मालमत्ता कायदा, पुरावा कायदा, दिवाणी प्रक्रिया संहिता, करविषयक तत्त्वे, कामगार कायदे, संविधान, फौजदारी कायदे, कौटुंबिक कायदे इत्यादी.
• प्रत्यक्ष कामाचे ४ विषय : मसुदा लेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, वाद मिटवण्याचे पर्यायी मार्ग, अभिरूप न्यायालय व इंटर्नशिप.
• किमान ६ पर्यायी विषय : हे वेगवेगळ्या गटांतून येतात. त्यात व्यवसाय कायदा, आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा, बौद्धिक संपदा, कायदा आणि शेती असे गट आहेत.

आता साधा हिशोब करा. ३० पैकी २४ विषय ठरलेलेच आहेत. म्हणजे मुलं ज्या निवडीची इतकी चिंता करतात ती फक्त सहा विषयांची आहे. त्यातही विद्यापीठाला मोजकेच पर्याय ठेवण्याची मुभा आहे, त्यामुळे कागदावर दहा नावं दिसली तरी कॉलेजात शिकवले जाणारे दोन-तीनच असू शकतात.

मग खरी निवड कुठे आहे? ती वेळेची आहे. करार कायदा सगळ्यांनाच सक्तीचा असतो. पण तो पास होण्यापुरता करायचा की कायमचा शिकायचा, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. फॉर्मवर टिक करण्याइतकीच ही निवड खरी आहे, फक्त ती फॉर्मवर दिसत नाही.

२) एक व्यवहार घेऊ आणि विषय मोजू

वर्गात आपण उदाहरण सोडवून दाखवतो, तसं इथेही करू.

समजा, इचलकरंजीतील एका यंत्रमागधारकाने सुरतच्या एका कंपनीला १२ लाखांचं कापड पाठवलं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती. माल पोचला, पैसे थकले. तगादा लावल्यावर ५ लाखांचा चेक आला, तोही वटला नाही. आता हा माणूस तुमच्याकडे वकील म्हणून आला. तुम्हाला काय काय यायला हवं?

• व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर हा करार होतो का? इथे भारतीय करार अधिनियम, १८७२ लागतो.
• माल कधी कोणाच्या मालकीचा झाला, 'माल खराब होता' हे म्हणणं टिकेल का? इथे वस्तू विक्री अधिनियम, १९३०.
• तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश कोर्टात पुरावा म्हणून कसा दाखल करायचा? त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावं लागतं. हा पुरावा कायद्याचा भाग. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे, तेव्हा जुनं गाईड इथे उपयोगाचं नाही.
• चेकचं काय? परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चं कलम १३८. चेक वटला नाही असं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. तारीख चुकली तर विलंब माफ करा म्हणून कोर्टाला विनवावं लागतं.
• तक्रारीसाठी सुरतला जायचं का? नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ज्याने चेक आपल्या खात्यात भरला त्याचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात तक्रार करता येते. एवढं माहीत असलेला वकील अशिलाच्या कित्येक फेऱ्या वाचवतो.
• उरलेल्या रकमेसाठी दावा कुठे लावायचा? ३ लाखांपासून पुढच्या व्यापारी वादांना वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागतो. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात पक्कं केलं.
• यंत्रमागधारकाची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा मदतीला येतो. करार काहीही असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही, त्यापुढे जबर व्याज लागतं.

आणि ज्या विषयाचं नाव सगळ्यात भारी, त्या दिवाळखोरी कायद्याचं काय? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध जायचं तर मार्च २०२० पासून थकबाकी किमान १ कोटी लागते. आपली थकबाकी १२ लाख. म्हणजे तो दरवाजा इथे बंद!

बघा, एका साध्या उधारीच्या भांडणात सक्तीचे किती विषय कामाला आले. दिवाळखोरीचा विषय वाया जातो असं मला म्हणायचं नाही. तो दरवाजा बंद आहे, हे कळण्यासाठीसुद्धा त्याची ओळख हवीच. पण नुसत्या त्या एका विषयावर हा अशील तुमच्या हातून सुटला नसता.

३) पायाचे विषय कसे करायचे?

ज्या मुलाचे पाढे कच्चे असतात त्याला भागाकार कितीही रंगवून शिकवला तरी तो अडतोच. शाळेत आम्ही हे रोज बघतो. कायद्यातही तसंच आहे. बिझनेस लॉचे पाढे माझ्या मते हे आहेत :

करार कायदा. व्यवसायातला प्रत्येक कागद शेवटी करारच असतो. भागीदारी, नोकरी, कर्ज, फ्रँचायझी, सगळं. १९०३ चा मोहरीबीबी खटला बघा. कलकत्त्यातील एका अल्पवयीन मुलाने मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेतलं. प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल असतो. परीक्षेत हा खटला चार ओळींत लिहिला जातो. पण मोबाईलवरच्या ज्या अ‍ॅपमध्ये १६ वर्षांचा मुलगा 'मला अटी मान्य आहेत' वर बोट ठेवतो, त्या कंपनीच्या वकिलाला याच निकालापासून विचार करावा लागतो.

कंपनी कायदा. इथला पहिला धडा १८९७ च्या सॉलोमन खटल्याचा. इंग्लंडमधल्या एका बूट तयार करणाऱ्याने कंपनी काढली. सात सभासद, सगळे घरचेच. कंपनी बुडाली तेव्हा कोर्ट म्हणालं, कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असते, ही गोष्ट ज्याच्या डोक्यात नीट बसली त्याला २०१३ चा कंपनी कायदा परका वाटत नाही.

दिवाणी प्रक्रिया आणि पुरावा. "मला कोर्टात जायचंच नाही, मग हे कशाला?" असं मुलं म्हणतात. पण करार लिहिणाऱ्याला उद्या भांडण झालं तर हा कागद कोर्टात कसा वाचला जाईल, हे आधीच कळायला हवं. 'वाद पुण्याच्या न्यायालयात चालतील' हे वाक्य करारात टाकायचं तर कोणत्या कोर्टाला मुळात अधिकार आहे ते माहीत असावं लागतं.

कर. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. आयकराचा १९६१ चा कायदा बदलून संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. कलमं बदलत राहतील, म्हणून नुसती कलमं पाठ करण्यापेक्षा कर कशावर, कधी आणि कोणावर बसतो हे समजून घ्या. व्यवहाराची रचना बऱ्याचदा करावरूनच ठरते.

मसुदा लेखन. हा विषय मुलं सगळ्यात हलका घेतात, आणि नोकरीत पहिल्या दिवशी हाच लागतो. नोटीस, भाडेकरार, भागीदारी पत्र, संचालक मंडळाचा ठराव असे कागद स्वतःच्या हाताने लिहा, दुसऱ्याला वाचायला द्या आणि त्यात पळवाट सापडते का ते शोधायला सांगा.

यात अभ्यासक्रमाबाहेरची एक गोष्ट जोडतो, ती म्हणजे ताळेबंद वाचता येणं. बी.ए. करून आलेल्या मुलांनी तर हे आवर्जून शिकावं. २००९ मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा उघड झाला, तेव्हा ताळेबंदात दाखवलेली रोकड प्रत्यक्षात नव्हतीच. अकरावीच्या पुस्तपालन व लेखाकर्माच्या पुस्तकापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यात कमीपणा नाही.

४) आता पर्यायी विषय : एक धागा धरा

पाया पक्का करायचं ठरलं की पर्यायी विषयांचा प्रश्न सोपा होतो. सहा विषय सहा दिशांना नकोत. एक धागा धरा :

• बँक आणि कर्ज : बँकिंग कायदा, दिवाळखोरी, विमा. बँका, पतसंस्था, वित्त कंपन्या सगळीकडे काम आहे.
• कंपनी आणि भांडवल बाजार : कंपनी सुशासन, सेबीचे नियम, विलीनीकरण, स्पर्धा कायदा. मुंबईत राहायची तयारी असेल तर हा धागा.
• ब्रँड आणि तंत्रज्ञान : बौद्धिक संपदा, माहिती तंत्रज्ञान कायदा, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा.
• शेती आणि सहकार : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि शेतकरी उत्पादक कंपन्या. किमान दहा शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. तिलाही सभा, ठराव, हिशोब, करार सगळं लागतं.

शेवटच्या धाग्याला मुलं 'बिझनेस लॉ' समजतच नाहीत. मला हे पटत नाही. साखर कारखाना, दूध संघ, द्राक्ष निर्यात हा व्यवसाय नाही तर काय आहे? तुम्ही ज्या भागात वाढलात तिथला व्यवहार तुम्हाला आतून माहीत असतो. ती तुमची जमेची बाजू आहे.

पण धागा धरला तरी पाया सुटत नाही, याचं ताजं उदाहरण आपल्या कोल्हापुरी चपलेचं आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्रादा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या आणि सगळीकडे संताप उसळला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. कारण काय? याचिका करणारे हे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, दाद मागायची तर त्यांनी मागावी, असं न्यायालयाचं म्हणणं.

विषय बौद्धिक संपदेचा होता, पण गाडी अडली 'दाद कोणी मागायची' या अगदी प्राथमिक प्रश्नावर. पाया म्हणतो तो हाच.

५) "पण सर..." असं म्हणणाऱ्यांसाठी

"मोठ्या लॉ फर्म तर सीव्हीवर खास कोर्स बघतात." बघत असतील. पण मुलाखतीत कराराचं एक कलम समोर ठेवून 'यात धोका कुठे आहे?' असं विचारलं, तर तिथे प्रमाणपत्र मदतीला येत नाही. आठ दिवसांच्या ऑनलाइन कोर्सला हजारो रुपये भरण्याआधी स्वयम पोर्टलवरचे मोफत अभ्यासक्रम बघा. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे कायदे फुकट वाचायला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर मोफत आहेत, काहींचे मराठी अनुवादही आहेत.

"आम्ही मराठी माध्यमाचे, आम्हाला हे जमेल का?" जमेल, पण इंग्रजी टाळून जमणार नाही. कंपन्यांचे करार आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, हे खरं आहे. रोज मूळ कायद्याचं एक पान इंग्रजीत वाचा आणि त्याचा अर्थ मराठीत लिहा. वर्षभरात फरक दिसेल. आणि उलट बाजूही लक्षात घ्या. सातबारा, फेरफार, मराठीतलं जुनं खरेदीखत हे कागद तुम्ही अडखळत नाही वाचत. जमीन घेऊ पाहणाऱ्या कंपनीला असा वकील लागतोच.

"कंपनीत नोकरी केली तर वकिलीची सनद चालू राहते का?" पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे कंपनीच्या विधी विभागात जायचं की स्वतंत्र वकिली करायची, याचा विचार तिसऱ्या वर्षापर्यंत थांबवू नका. तुमची इंटर्नशिप त्यावरच ठरते.

६) प्रवेशाआधी कॉलेजला हे चार प्रश्न विचारा

१. यादीतले कोणते पर्यायी विषय गेल्या वर्षी प्रत्यक्षात शिकवले गेले?
२. करार आणि कंपनी कायदा कोण शिकवतं? नियमित प्राध्यापक की ऐनवेळी येणारं कोणी?
३. मसुदा लेखनात विद्यार्थी किती कागद स्वतः लिहितात? तपासून परत मिळतात का?
४. इंटर्नशिपला कॉलेज मदत करतं का? नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते.

या इंटर्नशिपमध्येही निवड आहे. माझा सल्ला असा की सगळे आठवडे एकाच ठिकाणी घालवू नका. काही दिवस दिवाणी कोर्टातल्या वकिलाकडे, काही दिवस सीए किंवा कंपनी सेक्रेटरीच्या कार्यालयात आणि शेवटी तुमच्या धाग्याच्या ठिकाणी, म्हणजे बँक, कंपनी, सहकारी संस्था किंवा लॉ फर्ममध्ये. नुसती सही-शिक्क्याची प्रमाणपत्रं गोळा केली तर फसवणूक स्वतःचीच होते.

७) पालकांना आणि शिक्षक बंधू-भगिनींना

पालकहो, 'कॉर्पोरेट' या शब्दाला भुलून फी भरू नका आणि घाबरून मुलाला मागेही ओढू नका. कॉलेजची माहितीपुस्तिका हातात आली की चकचकीत फोटोंच्या आधी विषयांचं पान उघडा. पाल्याला विचारा, "हा विषय शिकून तू उद्या कोणाचं कोणतं काम करून देशील?" उत्तर देता आलं तर विषय बरोबर आहे. "मार्क मिळतात" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा एकदा बसून बोला.

शिक्षक मित्रांनो, लॉ कॉलेज आपल्यापासून लांब वाटतं, पण त्याची तयारी आपल्याच वर्गात सुरू होते. दुकानाचं बिल वाचणं, सरळव्याज, अर्जलेखन, उताऱ्यातल्या 'जर', 'परंतु', 'याशिवाय' या शब्दांनी अर्थ कसा बदलतो ते ओळखणं. करारातलं एक 'परंतु' लाखो रुपयांचं असतं. मूल पाचवी-सहावीत असतानाच वाक्य थांबून, नीट वाचायची सवय लागली तर पुढे कायद्याचं पुस्तक त्याला डोईजड होत नाही.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, येत्या सत्रात पर्यायी विषयांचा फॉर्म समोर आला की घाई करू नका. आधी करार कायद्याचं पुस्तक उघडून पहिली वीस कलमं कोणाला तरी सोप्या मराठीत समजावून सांगता येतात का ते बघा. येत असतील तर कोणताही पर्यायी विषय तुम्हाला उपयोगी पडेल. येत नसतील तर आधी तिथेच बसा.